नत्थुजींच्या रागाचं हक्कसोडपत्र

नत्थुजी काळमेघांनी राग सोडायचं ठरवलं ते सव्वीस डिसेंबरला. पण नव्या वर्षाचे संकल्प एक तारखेपासून लागू होतात, त्यामुळे मधले पाच दिवस त्यांच्याकडे शिल्लक होते, आणि शिल्लक माल वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या पाच दिवसांत ते केबलवाल्यावर ओरडले, कुरिअरवाल्यावर ओरडले, शेजारच्या धर्मपालच्या गाडीच्या हॉर्नवर ओरडले आणि गच्चीवर वाळत घातलेल्या स्वतःच्या स्वेटरवरही ओरडले. स्वेटरचा गुन्हा एवढाच की ते अजून वाळलं नव्हतं.

हा राग कोणत्या जातीचा होता ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. नत्थुजींनी जन्मात कोणाला चापट मारली नव्हती, शिवी दिली नव्हती, जेवणाचं ताट भिरकावलं नव्हतं. त्यांचा सगळा राग आवाजात होता. एका शिक्षण संस्थेच्या कचेरीतून ते मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते आणि अमरावतीत वलगाव रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत लोक त्यांना अजून 'बडे बाबू' म्हणत. सकाळी सहा वाजता बडे बाबूंनी फाटकात उभं राहून दूधवाल्याला "हे दूध हाये का तांदूळ धुतल्याचं पानी?" असं विचारलं, की तिसऱ्या गल्लीतली माणसंही आपापल्या पातेल्यात डोकावून पाहत.

घोटाळा झाला तो दिवाळीत. नत्थुजींची एकुलती एक लेक आचल अकोल्याला दिलेली. भाऊबीजेनंतर तिचे सासरे डोमाजी गावंडे दोन दिवस राहायला म्हणून आले. व्याही म्हणजे मानाचा माणूस. पार्वताबाईंनी नवी चादर काढली, अनारसे तळले आणि नवऱ्याला तीनदा बजावलं की तोंड सांभाळा. पहिला दिवस सुखरूप पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी अंगणातल्या बेसिनपाशी दात घासायला उभे राहिले. त्यांना नळ सोडून ठेवून दात घासायची सवय होती, शिवाय घासता घासता कपाशीच्या भावावर बोलायचीही सवय होती, त्यामुळे कार्यक्रम लांबला. नत्थुजींनी एक मिनिट सोसलं, दोन मिनिटं सोसलं. तिसऱ्या मिनिटाला आरोळी उठली, "नळ बंद करा!"

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण नत्थुजी पुढे म्हणाले, "अकोल्यात आठ-आठ दिवस नळाची वाट पाहता, अन् इथं येऊन नदी सोडता काय?" हे सगळं अख्ख्या गल्लीच्या देखत. डोमाजींनी तोंडात फेस तसाच ठेवून बॅग भरली. अनारसे डब्यातच राहिले.

तेव्हापासून आचल माहेरी आली नव्हती. आता संक्रांत जवळ आली होती. तिची छकुली दहा महिन्यांची, म्हणजे तिची पहिली संक्रांत, म्हणजे तिचं बोरन्हाण. पार्वताबाईंनी नोव्हेंबरपासूनच काळ्या कापडाचं झबलं शिवून ठेवलं होतं. हलव्याचे दागिने त्या स्वतः करत होत्या: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. मुंग्या लागू नयेत म्हणून त्यांचा डबा पाण्याच्या परातीत ठेवलेला असे, आणि रोज दुपारी त्या झाकण उघडून आत बघत. नवऱ्याला त्या काहीच बोलत नव्हत्या. नत्थुजींना बोलण्याची सवय होती, न बोलण्याची नव्हती, त्यामुळे हे न बोलणं त्यांना फार लागलं.

सव्वीस तारखेला त्यांनी स्वतः अकोल्याला फोन लावला.

"बाबा, मामाजी म्हनतात, त्या घरी मी पाय ठेवनार नाही अन् कोनाले ठेवूही देनार नाही," आचल म्हणाली. मामाजी म्हणजे तिचे सासरे. "तुमचा राग सुटल्याशिवाय माह्यं येनं काही होत नाही."

"सोडला," नत्थुजी म्हणाले.

"तोंडानं तं तुमी दरसाल सोडता. लिहून द्या."

तिने हे त्राग्याने म्हटलं होतं. दुसरा कोणी बाप असता तर त्याने ते त्राग्यातच जमा केलं असतं. पण ज्या माणसाने छत्तीस वर्षं आल्यागेल्याला 'लेखी द्या' एवढंच ऐकवलं, त्याला या मागणीत वावगं असं काही दिसलंच नाही. उलट लेक आपल्या वळणावर गेली याचं समाधान वाटलं. आपले आजवरचे संकल्प का फसले हेही त्यांच्या एकदम लक्षात आलं. पहाटे उठण्याचा, साखर कमी करण्याचा, रोज एक पान वाचण्याचा, असे सगळे संकल्प तोंडी होते. तोंडी गोष्टीला कचेरीत किंमत नसते, तर आयुष्यात कुठून असणार?

एकतीस तारखेला सकाळी ते शफीभाईंकडे गेले. शफीभाई तहसीलच्या आवाराबाहेर कडुनिंबाखाली बसून दस्त लिहीत. अर्धी अमरावती त्यांच्या हातून विकली गेली होती आणि उरलेली भावाभावांत वाटली गेली होती. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर होता, पण कडुनिंब तोच.

नत्थुजींनी काम सांगितलं. शफीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. चाळीस वर्षांत लोकांनी त्यांच्याकडून काय काय लिहून घेतलं होतं, त्यामुळे ते हसले नाहीत.

"सोडाचं म्हनता, म्हनजे हक्कसोडपत्र. दुसरा फॉर्मेट नाही त्याले."

"मंग तेच करा."

"करतो. पन बडे बाबू, हक्कसोडपत्राले दोन पार्ट्या लागतात. लिहून देनार तुमी. लिहून घेनार कोन?"

"कोनीच नाही. मी नुसता सोडून राहिलो."

"नुसतं सोडता येत नाही ना साहेब! बहीन भावाच्या हक्कात जमीन सोडते, तवा ती जमीन कुठी उडून जाते काय? भावाकडंच जाते. हवेत सोडलेली चीज कागदावर चढत नाही. ही जागा खाली ठेवली तं नोटरी कागद फेकून देईन."

मुद्दा बिनतोड होता. नत्थुजींना बिनतोड मुद्द्याविषयी आयुष्यभर आदर होता. त्यांनी विचार केला की लिहून मागितलं कोणी? आचलने. मग लिहून घेणारही तीच. तेव्हा त्या जागी 'सौ. आचल सागर गावंडे, रा. अकोला' असं नाव पडलं. चतुःसीमेच्या चार ओळी रिकाम्या सोडल्या तर छपाईत तिथे 'निरंक' येत होतं आणि ते नत्थुजींच्या डोळ्यांना खुपत होतं, म्हणून त्याही भरल्या. पूर्वेस धर्मपाल यांचे घर, पश्चिमेस रजियाबी यांचे घर, दक्षिणेस पाण्याची टाकी, उत्तरेस रस्ता.

"राग एवढ्यातच राह्यते का रस्त्यावरही जाते?" शफीभाईंनी विचारलं.

"जाते कधीमधी."

"मंग 'रस्त्याच्या वहिवाटीसह' टाकतो."

पुढे स्टॅम्पपेपरच्या खिडकीवर 'प्रयोजन' या रकान्यापाशी गाडी अडली. यादीत शिक्षण होतं, उत्पन्न होतं, विहीर होती, राग नव्हता. शेवटी खिडकीतल्या बाईंनी दमून विहिरीवर बोट दाबलं. त्यामुळे पावतीनुसार नत्थुजींनी त्या दिवशी एक विहीर सोडलेली आहे. नोटरी वकिलांना दोन साक्षीदार हवे होते, आणि तेही असे की ज्यांनी सदर राग प्रत्यक्ष पाहिला आहे. अनोळखी जागी असे साक्षीदार कुठून आणायचे, या काळजीत नत्थुजी उभे असताना एक गॉगलवाला रांग मोडून सरळ खिडकीशी गेला. अजून एकतीस तारीखच होती. "ही रांग काय शोभेले लावली काय?" या एका वाक्यासरशी गॉगल मागे गेला, खिडकीतल्या बाईंचा चहा सांडला आणि पाच माणसं साक्षीला आपणहून पुढे आली. त्यातली दोन ठेवून बाकीच्यांना आभार मानून परत पाठवावं लागलं.

नत्थुजी सही-शिक्क्यांचा कागद घेऊन घरी गेले. इकडे कडुनिंबाखाली चार वाजता नेहमीप्रमाणे नईम आला. नईम म्हणजे एका स्थानिक दैनिकाच्या जाहिराती गोळा करणारा. कोणताही हक्कसोड झाला की त्याची जाहीर नोटीस पेपरात द्यायची, ही शफीभाईंची जुनी पद्धत. मागाहून कोणी भाऊबंद उपटायला नको. हाताच्या सवयीने त्यांनी नईमला सगळ्या नोटिसा दिल्या, आणि त्यात बडे बाबूंचीही गेली.

एक जानेवारीला सकाळी सहा वाजता नत्थुजी फाटकात उभे राहिले आणि दूधवाल्याला म्हणाले, "ये बाप्पा. थंडी लय हाये ना?" दूधवाला घाबरला. त्याने माप घातलं, वर न मागता पाव लिटर घातलं आणि पुढच्या दारी जाऊन बातमी दिली की बडे बाबूंची तब्येत ठीक दिसत नाही. साडेसातपर्यंत तिघं जण केळी घेऊन भेटून गेले. पावणेआठला पेपर आला.

सहाव्या पानावर, सोयाबीनच्या दोन एकरांचा व्यवहार आणि हरवलेली गुणपत्रिका यांच्या मधोमध, चौकटीत छापलं होतं:

"जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, श्री. नत्थुजी काळमेघ यांच्या मालकी व कब्जेवहिवाटीतील राग, चतुःसीमा खालीलप्रमाणे, हा त्यांनी दि. १ जानेवारीपासून कायमचा सोडून देण्याचे ठरविले आहे. तरी सदर रागावर कोणाचाही गहाण, दान, वारसा, वहिवाट अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी हरकत नोंदवावी. मुदतीत हरकत न आल्यास सदर राग निर्वेध व बोजाविरहित आहे असे समजून पुढील कारवाई करण्यात येईल."

खाली चतुःसीमा, घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर.

नत्थुजींच्या कानशिलापाशी काहीतरी तापलं, पण तारीख एक होती. त्यांनी शफीभाईंना फोन लावून अतिशय मऊ आवाजात विचारलं, की हे काय झालं. "काहून, भाषेत काही गलती राहिली काय?" शफीभाईंनी काळजीने विचारलं.

मग फोन सुरू झाले. नांदगाव खंडेश्वरहून एका जमिनीच्या दलालाने विचारलं, की रोडटच आहे का आणि किती एकर आहे. त्याने फक्त चतुःसीमा वाचली होती. वलगावहून एका माणसाने अदबीने विचारलं, की याच कागदावर त्याच्या मोठ्या भावाचाही राग चढवून मिळेल काय. दोघांनाही नत्थुजींनी शांतपणे उत्तर दिलं आणि त्यानंतर दोन ग्लास पाणी प्यायलं.

लेखी हरकतींना तिसऱ्या दिवशी सुरुवात झाली. आता अशा नोटिशीला काही अर्थ नाही हे शेजाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पेपरात छापून आलेल्या गोष्टीला उत्तर द्यायचं राहिलं आणि उद्या काही भलतंच झालं तर? पहिली हरकत कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष चंद्रभान यांची. ते शिक्का मारलेलं पत्र घेऊनच आले. त्यात लिहिलं होतं, की गेली बारा वर्षं कॉलनी सदर रागाचा उघडपणे, अखंडपणे व विनाअडथळा उपभोग घेत आहे, सबब कॉलनीचा त्यावर वहिवाटीचा हक्क निर्माण झाला आहे.

"म्हनजे काय?" नत्थुजींनी विचारलं.

"म्हनजे असं पाहा," चंद्रभान खुर्ची ओढून बसले, "टँकरवाला आपल्याकडं पहिले कोनाच्या भेवानं येते? तुमच्या. लाइन गेली तं फोन कोन करते? तुमी. नालीवाले इथं नाली पूर्न खोदून गेले अन् मागच्या कॉलनीत अर्धी टाकून गेले, ते काहून? आमी सारे शांत स्वभावाचे लोक हावो बडे बाबू. आमचा शांतपना तुमच्या जोरावर हाये."

रजियाबींची हरकत तोंडी होती, पण त्यांनी ती फाटकात उभं राहून चांगली दहा मिनिटं मांडली. त्यांची अमरीन पोलीस भरतीची तयारी करत होती. घड्याळाच्या गजराने ती उठत नसे, नत्थुजी दूधवाल्यावर ओरडले की ताडकन उठे आणि मैदानावर पळायला जाई. "तीन दिवस झाले, पोरगी आठ वाजेपर्यंत झोपून राह्यते, भाईजान. पंदरा दिवसांवर ग्राउंड हाये तिचं. तुमचा राग तुमच्या घरी, पन माह्या पोरीची नोकरी जाईन ना!" धर्मपालने एका ओळीचं पत्र दिलं: 'शेजारी कडक असल्याने आमच्याकडे पाहुणे मुक्काम करीत नाहीत. ही सोय चालू ठेवावी.'

नत्थुजी कचेरीत असते तर एवढ्या अर्जांनी सुखावले असते. पण इथे त्यांचा स्वाभिमान दुखावला. सगळ्यांना राग हवा होता, माणूस कोणालाच नको होता. शांत नत्थुजींकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नव्हतं. दुधाचं वरचं पाव लिटर तर गेलंच, शिवाय दूध पातळ झालं. टँकर आधी मागच्या कॉलनीत जाऊ लागला. भाजीवाल्या कोबीतली अळी दाखवूनही पैसे कमी करत नव्हत्या. पार्वताबाई हे सगळं पाहत होत्या. एका दुपारी हलव्याच्या डब्याची परात पुसता पुसता त्या एवढंच म्हणाल्या, "मले तं बाप्पा करमून नाही राहिलं. पन पोरगी येत असन तं मी असंच राहीन."

त्या वाक्याने नत्थुजी टिकले. त्यांनी जीभ चावली, दोनदा तर खरोखरच चावली, आणि बारा दिवस काढले.

आता एकच काम राहिलं होतं. कागदावर लिहून देणाराची सही होती, लिहून घेणाराची नव्हती. शफीभाईंच्या मते अशा कागदात भजी बांधावीत. तेरा तारखेला, भोगीच्या दिवशी, नत्थुजी कागद आणि तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन अकोल्याच्या एस.टी.त बसले. निघताना पार्वताबाई फाटकापर्यंत आल्या. "पोरीले घेऊन या," त्या म्हणाल्या. "कागद तिकडंच राहिला तरी चालते."

अकोल्याला पोचायला दुपारचा एक वाजला. त्या दिवशी तिथे आठवड्याने नळ आला होता. आचल पहाटे चारपासून पाणी भरत होती. अंगणात ड्रम, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवला होता, आणि मोटर लावून गच्चीवरची टाकी तिने काठोकाठ भरली होती. बापाला बघून ती ओल्या हातांनी तशीच पुढे आली, पण सासरे ओसरीवरच बसले होते, म्हणून अर्ध्यावर थांबली. जावई सागर बाहेर गेले होते असं नाही, घरातच होते, पण वडील ओसरीवर असले की ते घरात असून नसल्यासारखेच असत.

डोमाजींनी नोटिशीचं कात्रण समोरच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. "वाचली नोटीस," ते म्हणाले. "खरंच सोडला म्हनता?"

"कागद घेऊन आलो."

"कागद तं कोनीही आनते."

मग परीक्षा सुरू झाली. डोमाजी म्हणाले, अमरावतीची माणसं बोलायला मोठी आणि खायला घालायला लहान. नत्थुजी म्हणाले, असेल. डोमाजी म्हणाले, दिवाळीतले तुमच्याकडचे अनारसे कडक होते. आता डोमाजींनी अनारसे खाल्लेच नव्हते, पण नत्थुजी म्हणाले, असतील. डोमाजींनी थोडा वेळ विचार केला. मग ते उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि म्हणाले, "बसा, मी जरा दात घासून येतो."

दुपारचा दीड वाजला होता. ओसरीच्या टोकाला बेसिन होतं. डोमाजींनी ब्रशवर पेस्ट घेतली, नळ पूर्ण सोडला आणि नत्थुजींकडे तोंड करून सावकाश दात घासू लागले.

पाणी वाहत होतं. गच्चीवरच्या टाकीतून, आठवड्याचं पाणी, सरळ नालीत. नत्थुजींनी आधी छताकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे, मग तिळाच्या लाडवांचा डबा उघडून एक लाडू अख्खा तोंडात कोंबला. डोमाजी वरच्या दाढांवरून खालच्या दाढांकडे आले. कपाशीच्या भावाचा विषय निघाला. तीन मिनिटं झाली. लाडू संपला.

"वाहून राहिलं ना पानी?" डोमाजींनी फेसातून विचारलं.

"वाहू द्या," नत्थुजी म्हणाले. "पानीच हाये."

हे तीन-चार शब्द बोलायला त्यांना जेवढी ताकद लागली तेवढी छत्तीस वर्षांच्या नोकरीत लागली नव्हती. डोमाजींनी मान डोलावली. "मानलं तुमाले. खरंच सुटला." आणि नळ बंद न करताच ते पुढे म्हणाले, "पन बोरन्हान इथंच होईन. माहेरपन काय, पुढच्या साली पाहू."

नत्थुजींनी तोंड उघडलं. त्यांना परातीतला डबा आठवला, झबलं आठवलं, फाटकात उभी असलेली बायको आठवली. राग जिथे असायचा तिथे त्यांनी आत हात घालून पाहिलं, आणि तिथे नुसतं दुःख होतं. ते फार वाईट वाटलं त्यांना. "बरं," ते म्हणाले.

आचल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नळाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, पुन्हा नळाकडे पाहिलं.

"बाबा, कागद कुठी हाये?"

नत्थुजींनी पिशवीतून कागद काढून दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला. "लिहून घेनार म्हनून माहं नाव काहून?"

"शफीभाई म्हने, नुसतं सोडता येत नाही. कोनाच्या तरी हक्कात सोडा लागते."

"म्हनजे हा आता माहा झाला?"

"तुही सही झाली की झाला."

तिने ओढणीला हात पुसले, बापाच्या खिशातला पेन काढला, काचेवर कागद ठेवून सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावून तो पुन्हा खिशात ठेवला. मग ती बेसिनकडे वळली.

"मामाजी, नळ बंद करा!"

नत्थुजींना आपलाच आवाज ऐकल्यासारखं झालं, फक्त तो तरुण होता आणि त्यामुळे जास्त लांब गेला. शेजारच्या घरातही कोणीतरी नळ बंद केल्याचं ऐकू आलं. आतून छकुलीने झोपेत 'हं' केलं. डोमाजी ब्रश तोंडात धरून उभे राहिले.

"पहाटे चारपासून भरून राहिली मी हे पानी! हात पाहा माहे! तुमाले गंमत पाहाची होती तं टीव्ही लावाचा होता! अन् बोरन्हान माह्या आईकडं होईन. झबलं तिनं शिवलं, दागिने तिनं केले, दोन महिन्यांपासून मुंग्या हाकलून राहिली ती! इथलं रथसप्तमीले करू, चार बाया बोलावून करू, मी स्वतः करीन. पन उद्या मी अमरावतीले जातो म्हनजे जातो!" मग घड्याळाकडे पाहून ती म्हणाली, "उद्या काहून? आजच जातो."

डोमाजींनी नळ बंद केला. एवढ्या शांततेत स्वयंपाकघरातून आचलच्या सासूचा आवाज आला. तो अगदी हळू होता. "एकतीस वर्सं झाले, मी त्याइले हेच सांगून राहिली." सागर कुठून तरी प्रकट झाले. त्यांच्या हातात बॅग होती आणि ती भरलेली होती, म्हणजे ती भरायला त्यांनी बरीच आधी सुरुवात केली असणार.

निघताना डोमाजी चूळ भरून फाटकापर्यंत आले. नत्थुजींच्या हातात त्यांनी बोरांची पिशवी दिली. "आमच्या झाडाचे हायेत," ते नत्थुजींकडे न पाहता म्हणाले. "टाकजा तिच्या डोक्यावरून."

संध्याकाळच्या गाडीत जागा मिळाली. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा छकुली आजोबांच्या मांडीवर झोपली होती. आचल बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा, तुमाले खरंच राग नाही आला?"

"आला ना," नत्थुजी म्हणाले. "लय आला. पन तू लिहून मांगतलं होतं."

आचलने त्यांच्या दंडाला डोकं टेकलं आणि तसंच राहू दिलं. तेवढ्यात नत्थुजींचा फोन वाजला. चंद्रभान होते. टँकर आजही आधी मागच्या कॉलनीत गेला होता आणि इकडे निम्माच आला होता. नत्थुजींनी सगळं ऐकून घेतलं, पाहतो म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. बडनेऱ्याचे दिवे दिसू लागले.

"आचल," शेवटी ते म्हणाले, "थोडासा वापस देशीन काय? फक्त टँकरपुरता."

आचलने छकुलीची टोपी नीट केली.

"लेखी अर्ज द्या," ती म्हणाली.